एक चौकट रिकामी राहिली

१० मार्च २०२४, रविवार. उन्हाळी वेळ सुरू झाली म्हणून इथे अमेरिकेत घड्याळं रात्रीच एक तास पुढे सरकली होती, त्यामुळे आठला उठले ती खरं तर सातलाच. गॅसवर चहा ठेवला, फोन हातात घेतला आणि टॅक्सच्या सॉफ्टवेअरकडून आलेली ईमेल दिसली. आदल्या संध्याकाळी ई-फाइल केलेलं आमचं रिटर्न अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, म्हणजे आयआरएसने, नाकारलं होतं. कारण एका ओळीत दिलेलं: तुम्ही डिपेंडंट म्हणून दाखवलेल्या माणसाचा सोशल सिक्युरिटी नंबर दुसऱ्या रिटर्नमध्ये आधीच वापरला गेला आहे. डिपेंडंट म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेलं माणूस, ज्याच्यामागे टॅक्समध्ये सवलत मिळते. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे इथला सरकारी ओळख नंबर.

आमच्या घरात टॅक्सचं खातं माझ्याकडे. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला अख्खा गिअरबॉक्स उघडायला सांगा, पण फॉर्म दाखवू नका. मी एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघते, शिवाय सांगलीच्या बँकेतल्या कारकुनाची मुलगी. बाबा रोज रात्री जेवण झाल्यावर जमाखर्चाची वही घेऊन बसायचे, चार आणे कुठे गेले ते सापडेपर्यंत उठायचे नाहीत. तो किडा माझ्यात आलाय. इतक्या वर्षांत माझं रिटर्न परत आलेलं नव्हतं. त्यामुळे पहिला विचार आला तो चोरीचाच. पोराचा नंबर कुणीतरी पळवला! चहा उतू गेला, तो तसाच राहिला.

लेकाला मेसेज केला. रविवारी सकाळी त्याचं उत्तर येणं म्हणजे नवल, पण आलं.

"तू टॅक्स फाइल केलायस का?"

"हो गं. मागच्या महिन्यात. फोनवरच, वीस मिनिटांत! ६२५ डॉलर परत पण आले."

चोर घरातलाच निघाला. आणि त्याला शाबासकी हवी होती.

थोडं मागे जाते. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेला नोव्हाय गावात राहतो. मुलगा याच राज्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग करत होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याने पहिलं वर्ष सुरू केलं ते आमच्याच घरातल्या बेडरूममधून, कोविडच्या कृपेने. २०२३ मध्ये त्याला को-ऑप मिळालं. इथे इंजिनिअरिंगची मुलं मधेच एक-दोन सेमिस्टर कॉलेज थांबवून कंपनीत पूर्णवेळ पगारी काम करतात, त्याला को-ऑप म्हणतात. कंपनी ग्रँड रॅपिड्सची, आमच्यापासून दोन तासांवर. मेच्या मध्यापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत काम, तासाला २२ डॉलर. वर्षाच्या शेवटी त्याच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर, आकडा होता २८,१६० डॉलर.

नवऱ्याने मला आधीच विचारलं होतं, "एवढं कमावलंय त्याने, आता तो आपल्याकडे कसा दाखवायचा?" मी म्हटलं, बघते. बघितलं, दाखवता येतो असं ठरवलं आणि दाखवला. फक्त एक गोष्ट केली नाही. ज्याला दाखवला त्याला सांगितलं नाही.

त्याच्या सॉफ्टवेअरने त्याला विचारलं होतं: कोणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का? त्याने मनात म्हटलं, मी माझं भाडं भरतो, माझं जेवण बनवतो, माझा पगार आहे. नाही. १०४० या रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर त्या वर्षी पहिल्याच पानावर त्यासाठी एक बारीक चौकट होती. ती रिकामी राहिली.

इथे प्रश्नातल्या क्रियापदाकडे बघावं लागतं. "दाखवतं का" असं विचारलेलं नाही, "दाखवू शकतं का" असं विचारलंय. आईवडील प्रत्यक्षात दाखवोत न दाखवोत, नियमाने दाखवू शकत असतील तर मुलाने त्या चौकटीत खूण करायचीच. मराठीत सांगितलं असतं तर कदाचित त्याच्या लक्षात आलं असतं. किंवा नसतं. वीस मिनिटांत सगळं उरकणाऱ्याला क्रियापद कुठलं दिसतंय?

पुढच्या शनिवारी तो घरी आला, नेहमीप्रमाणे मळके कपडे भरलेली बास्केट घेऊन. मी थालीपिठं लावली, कारण ज्याच्याशी भांडायचंय त्याला आधी जेवू घालावं. तिसऱ्या थालीपिठानंतर मी विषय काढला.

"पण आई, मी डिपेंडंट नाहीये," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी सरळ. "मी गेल्या वर्षी २८ हजार कमावले. मला तो शब्द आवडत नाही."

त्या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मी १९९९ साली लग्न करून आले ती एच-४ वर. एच-४ म्हणजे डिपेंडंट व्हिसा. बी. कॉम. झालेली, सांगलीत दोन वर्षं सीएकडे काम केलेली मी, इथे कायद्याने एक डॉलरही कमवू शकत नव्हते. एच-४ वाल्या बायकांपैकी काहींना कामाची परवानगी मिळायला २०१५ उजाडलं. तोवर माझं ग्रीन कार्ड झालं होतं. मधल्या काळात मला सोशल सिक्युरिटी नंबरही नव्हता. नवऱ्याच्या रिटर्नमध्ये नाव घालण्यापुरता आयटीआयएन नावाचा टॅक्सचा नंबर मिळाला होता, ९ ने सुरू होणारा. लायब्ररीत, बँकेत, डॉक्टरकडे फॉर्म भरताना तो शब्द समोर यायचा. पार्टीत नवी ओळख झाली की बायका आपणहून म्हणायच्या, "मी डिपेंडंटवर आहे." जणू आजारच.

म्हणून लेक जे म्हणाला ते मला चांगलंच समजलं. पण समजणं वेगळं आणि तीन हजार डॉलर सोडून देणं वेगळं.

तीन हजार कसे, तेही सांगते. मूल १७ वर्षांचं झालं की चाइल्ड टॅक्स क्रेडिट (२०२३ मध्ये ते दोन हजारांचं होतं) बंद होतं, मग डिपेंडंटमागे मिळतात ५०० डॉलर. खरी रक्कम कॉलेजच्या क्रेडिटमध्ये आहे. अमेरिकन अपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट नावाचं एक प्रकरण आहे. ट्यूशनच्या, म्हणजे कॉलेजच्या फीच्या, पहिल्या दोन हजारांचे पूर्ण दोन हजार आणि पुढच्या दोन हजारांचा पाव हिस्सा, म्हणजे एकूण २,५०० डॉलर टॅक्समधून थेट वजा. पण मूल ज्याचं डिपेंडंट असेल, क्रेडिट त्यालाच. नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १,६०,००० च्या आत असेल तर पूर्ण मिळतं, १,८०,००० ला संपतं. आम्ही आत बसतो. आमच्या ओळखीत एक डॉक्टर-डॉक्टर जोडपं आहे, ते या मर्यादेच्या कितीतरी वर. ते मुलीला मुद्दामच डिपेंडंट दाखवत नाहीत, म्हणजे मुलगी तिच्या स्वतःच्या टॅक्सपुरतं तरी ते क्रेडिट वापरू शकते. तिची चौकट मात्र तरीही खुणेचीच. तेच क्रियापद.

तर जेवणं झाल्यावर मी आयआरएसची ५०१ नंबरची पुस्तिका छापून टेबलावर ठेवली. डिपेंडंट कोण ठरतो त्याच्या अटी तिच्यात आहेत. लेक म्हणाला, "तू प्रिंट काढलंस?" मी म्हटलं, हो, पेन्सिलने खुणा करता येतात.

नातं: बसतं. वय: वर्षाच्या शेवटी १९ च्या खाली, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या खाली. तो २१ चा. पण पूर्णवेळ विद्यार्थी? आठ महिने तर नोकरीवर. पुस्तिकेत को-ऑप शब्द दिसला आणि मी खूश झाले: को-ऑपवर असलेली मुलं पूर्णवेळ विद्यार्थीच धरली जातात, असं एक वाक्य होतं. लेकाने वरच्या शीर्षकावर बोट ठेवलं. ते व्होकेशनल हायस्कूलच्या मुलांसाठी होतं. मग खरा नियम वाचला: वर्षातल्या कुठल्याही पाच महिन्यांत, प्रत्येक महिन्याच्या थोड्या तरी भागात, पूर्णवेळ नाव नोंदलेलं हवं. आम्ही बोटांवर मोजायला लागलो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. चार. पाचवं बोट वर राहिलं.

"शेवटची परीक्षा कधी होती?"

त्याने फोनमधलं जुनं कॅलेंडर काढलं. थर्मोडायनॅमिक्स, ३ मे.

मेचे तीन दिवस. पण "थोडा तरी भाग" म्हटलंय ना, मग तीन दिवस चालतात. पाचवं बोट मुडपलं. तो पेपर एप्रिलमध्ये झाला असता तर ही सगळी कथा इथेच संपली असती. बिनपगारी थर्मोडायनॅमिक्सने कुणाचं एवढं भलं झाल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पुढची अट राहण्याची: अर्ध्या वर्षाहून जास्त काळ मूल तुमच्याकडे राहायला हवं. इथे शिक्षणासाठी किंवा कामासाठी तात्पुरतं बाहेर राहिलेला काळ घरीच धरतात. त्याचं भाडेपत्र आठ महिन्यांचं होतं, लायसन्सवर पत्ता आमचा, पत्रं आमच्याकडे येत होती आणि जानेवारीत तो परत कॉलेजला जाणार हे ठरलेलं होतं. कपडे धुवायला घरी येण्याचा नियमात उल्लेख नाही, पण माझ्या मते असायला हवा. (ग्रँड रॅपिड्स शहराचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे. ते वेगळंच लचांड, ते इथे उघडत नाही.)

राहिली ती शेवटची अट, आणि सगळ्यांचा गोंधळ होतो तो हिच्यात. नवऱ्याचाही झाला होता, लेकाचाही. दोघांच्या डोक्यात होतं की मूल अमुक रकमेहून जास्त कमवत असेल तर ते डिपेंडंट राहत नाही. अशी मर्यादा आहे, पण ती दुसऱ्या प्रकारच्या डिपेंडंटना: सांभाळायला आणलेले आईवडील, २४ ओलांडलेलं मूल वगैरे. त्यांचं उत्पन्न २०२३ साठी ४,७०० च्या खाली हवं होतं. कॉलेजातल्या, वयात बसणाऱ्या मुलाला कमाईची मर्यादाच नाही. त्याने लाख डॉलर कमावले तरी चालतं. विचारतात ते वेगळंच: त्याच्या त्या वर्षाच्या पोटापाण्याच्या, राहण्याच्या, शिक्षणाच्या एकूण खर्चापैकी अर्ध्याहून जास्त त्याने स्वतःच्या पैशातून भागवला का?

म्हणजे कमाई बघायची नाही, खर्च बघायचा. बँकेत साठवलेला पैसा या हिशेबात येतच नाही.

"म्हणजे मी सेव्ह केले म्हणून मी डिपेंडंट?" लेक म्हणाला. "आणि उधळले असते तर इंडिपेंडंट?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण नियम खरोखरच असा आहे.

मग वही काढली. खरोखरची वही, बाबांसारखी, मधे उभी रेघ मारून. डावीकडे तो, उजवीकडे आम्ही. त्याने फोनवर बँकेचं खातं उघडलं आणि मी एकेक विचारत गेले. त्या टेबलावर आम्ही पाऊण तास बसलो होतो. माझ्या पोराचं वर्ष कसं गेलं ते त्या पाऊण तासात मला जेवढं कळलं तेवढं त्या आठ महिन्यांच्या फोनवर कळलं नव्हतं.

त्याच्या बाजूला: ग्रँड रॅपिड्सचं भाडं, महिना ७५० प्रमाणे ६,०००. जेवण आठ महिन्यांचं २,८००. "स्वयंपाक करतोस म्हणालास ना?" तो फोन थोडा तिरका धरून बसला. मी काही बोलले नाही. बरिटोच्या दुकानाचं नाव एका महिन्यात अकरा वेळा वाचलं आणि पुढे सरकले. पेट्रोल १,२००. लॅपटॉप १,१००. कपडे, मित्र, दोन कॉन्सर्ट मिळून १,९००. एका ठिकाणी सप्टेंबरमध्ये फुलांच्या दुकानाचे ४२ डॉलर होते. तेही मी १,९०० मध्येच घातले, न विचारता. बेरीज १३,०००.

आमच्या बाजूला: जानेवारी ते एप्रिल कॉलेजजवळच्या अपार्टमेंटचं भाडं २,६००, तेव्हाचं जेवण १,२००. नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात त्याच्या वाट्याचा हप्ता १,८००. अक्कलदाढ काढली त्याचे खिशातून ९००. कारचा विमा १,५००. जुनी कोरोला आमच्या नावावर आहे, म्हणून गाडीची किंमत धरायची नाही, चालवण्याचा खर्च धरायचा. गाडी त्याच्या नावावर घेऊन दिली असती तर किंमतही आमच्या बाजूला आली असती. फोन ४८०. आणि ट्यूशन ८,४००. बेरीज १६,८८०.

डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला पुण्याला जायचं तिकीट आम्ही काढलं होतं. ते धरायचं का? लेक म्हणाला, ती मौज होती. मी म्हटलं, लग्नात तीन दिवस पाहुण्यांची बॅगा-टॅक्सी तू केलीस, मौज कसली? शेवटी सोडून दिलं, कारण त्याशिवायही उत्तर निघत होतं. एकूण २९,८८०. त्याचे १३,०००. म्हणजे ४४ टक्क्यांच्या आत.

काय धरायचं नाही याचीही यादी पुस्तिकेत आहे: त्याने स्वतःच्या पगारातून भरलेला इन्कम टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात, आयुर्विम्याचे हप्ते, मिळालेली स्कॉलरशिप. आणि अंत्यविधीचा खर्च. हे वाचून आम्ही दोघंही हसलो आणि वातावरण जरा निवळलं. स्कॉलरशिप धरत नाहीत हे मोठंच आहे. मूल हुशार निघालं म्हणून ते "स्वतःचा खर्च स्वतः करणारं" ठरत नाही. उलट मुलाच्या नावावर काढलेलं कर्ज मात्र मुलाने स्वतः केलेला खर्च धरतात. आमच्या मंडळातल्या एका बाई तिथेच अडकल्या: मुलीच्या नावावर कर्ज, मुलीचा पगार, दोन्ही मिळून अर्ध्याच्या वर गेलं.

आमच्याकडे सगळा खेळ ८,४०० च्या ट्यूशनवर होता. ती रेघेच्या डावीकडे गेली असती तर लेक २१,४०० आणि आम्ही ८,४८०. आणि ती जवळजवळ गेलीच होती. डिसेंबरात तो म्हणाला होता, "या सेमिस्टरची फी मी भरू का? माझ्याकडे आहेत." आम्हाला बरं वाटलं होतं ऐकून. मी नको म्हटलं ते टॅक्ससाठी नव्हे. फी आईबापानेच भरायची, असं आमच्या घरात चालत आलंय. माझी फी बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून भरली होती. पण नियमातून बघितलं तर तो एक "नको" तीन हजारांचा होता.

त्या फीची आणखी एक गंमत. कॉलेज १०९८-टी नावाचा फॉर्म देतं, त्यावर त्या कॅलेंडर वर्षात कॉलेजला मिळालेली फी असते. २०२३ च्या वसंत सत्राची फी मी २०२२ च्या डिसेंबरातच भरली होती, म्हणजे ती आदल्या वर्षाच्या फॉर्मवर गेली. २०२३ च्या शरद सत्रात तो को-ऑपवर, फी शून्य. मग २०२३ चा १०९८-टी कोरा आला असता आणि क्रेडिट गेलं असतं. पण जानेवारी २०२४ ला सुरू होणाऱ्या सत्राची फी मी २७ डिसेंबरला भरून टाकली. पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या सत्राची आगाऊ भरलेली फी भरल्या वर्षात धरता येते. चार हजार चेकिंग खात्यातून भरले, उरलेले ४,४०० त्याच्या शिक्षणासाठीच्या ५२९ नावाच्या बचत खात्यातून, कारण एकाच डॉलरवर ५२९ ची करसवलतही घ्यायची आणि क्रेडिटही घ्यायचं, हे चालत नाही. हे मात्र मी विचार करूनच केलं होतं, ही फुशारकी मारू द्या. तो १०९८-टी कॉलेज आईवडिलांना देत नाही. मुलाच्या लॉगिनमधून मुलानेच काढावा लागतो. फी आम्ही भरायची आणि पावती त्याच्याकडे मागायची!

तर ठरलं. चौकटीत खूण करायची. पण भरून गेलेल्या रिटर्नमध्ये खूण कशी करणार? त्याने १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरायचा. मूळ रिफंड येऊन गेल्यावरच हा भरावा म्हणतात. त्याचा आला होता आणि बहुतेक खर्चही झाला होता. फॉर्मवर आकड्यांच्या सगळ्या ओळींत बदल शून्य. कारण त्याची स्टँडर्ड डिडक्शन तीच राहिली: डिपेंडंट असलेल्याला त्या वर्षी कमाई अधिक ४०० एवढी, पण जास्तीत जास्त १३,८५०. त्याची कमाई २८ हजार, म्हणून पूर्ण १३,८५० मिळाली. फेडरल टॅक्स आधीही १,४९९, नंतरही १,४९९. ६२५ चा रिफंड जागेवर. हे त्याला दाखवल्यावर त्याचा अर्धा विरोध गळून पडला. बदलाचं कारण लिहायच्या जागेत त्याने लिहिलं की आईवडील मला डिपेंडंट दाखवू शकतात, हे मी चुकून नाकारलं होतं. "चुकून" हा शब्द टाईप करायला त्याने बराच वेळ घेतला.

मिशिगन राज्याने मात्र पैसे मागितले. इथे प्रत्येकाला त्या वर्षी ५,४०० ची सूट होती, पण जो दुसऱ्याचा डिपेंडंट ठरतो त्याला १,५०० चीच. फरक ३,९०० चा, त्या वर्षीच्या ४.०५ टक्के दराने १५८ डॉलर. ते त्याने राज्याला परत करायचे. आम्हाला मात्र त्याच्यामागे ५,४०० ची सूट मिळून २१९ डॉलर वाचणार. मी तिथल्या तिथे त्याला १५८ पाठवले. तो म्हणाला, "२१९ का नाही?" बरोबर आहे, सांगलीच्या कारकुनाचा नातू.

आमच्या रिटर्नचं काय? मला वाटलं, त्याची दुरुस्ती गेली की आपलं ई-फाइल परत पाठवू. तसं होत नाही. त्या मोसमापुरता तो नंबर वापरलेला म्हणजे वापरलेलाच. मग कागद. सगळे फॉर्म छापले, कॉलेजच्या क्रेडिटचा ८८६३ जोडला, डब्ल्यू-२ पुढे स्टेपल केले, दोघांनी शाईने सह्या केल्या आणि पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवलं, पोच म्हणून हिरवं कार्ड परत येतं तसं. काउंटरवरच्या बाईने वजन करून विचारलं, "टॅक्स?" आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टरकडे वाट बघताना शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचीच आठवण झाली.

(२०२५ च्या मोसमापासून जरा सोय झाली आहे: आयआरएसकडून घेतलेला सहा आकडी आयपी पिन तुमच्या रिटर्नवर असेल तर डिपेंडंटचा नंबर दोनदा आलेलं रिटर्नही ई-फाइलने स्वीकारतात. मग दोघांपैकी कोण बरोबर ते पुढे बघतात. मी तो पिन आता सगळ्यांचे काढून ठेवलेत.)

हिरवं कार्ड एप्रिलमध्ये आलं, रिफंड ऑगस्टमध्ये. ई-फाइल केलेलं इतर वर्षी तीन आठवड्यांत येतं. मधल्या काळात मी रोज वेबसाइटवर जाऊन बघत होते आणि नवरा रोज म्हणत होता, दूध सारखं ढवळलं की विरजण लागत नाही. एका नंबरावर दोघांनी दावा केला की सीपी८७ए नावाचं पत्र येतं, तपासून बघा म्हणून. तेही येईल या धास्तीत मी ती वही, भाडेपत्रं, कॉलेजचं नोंदणीपत्र सगळं एका फाइलीत लावून ठेवलं. पत्र आलं नाही. फाइल आहे.

त्या दिवसांत ५०१ ची पुस्तिका मी पुढून मागून वाचून काढली. एवढ्यासाठीच की डिपेंडंट या एका शब्दाचे इथे किती अर्थ आहेत! एच-४ वर असलेलं मूल २१ ला डिपेंडंट राहत नाही. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागलं, आठव्या वर्षापासून इथे वाढलेली पोर. कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या फॉर्मवर मूल साधारण २४ पर्यंत डिपेंडंट, तुम्ही टॅक्समध्ये दाखवा न दाखवा. आरोग्य विम्यात २६ पर्यंत. आणि टॅक्समध्ये हे वहीतल्या उभ्या रेघेचं प्रकरण. लेकाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी एकाच दिवशी आहे पण आणि नाही पण."

आणि एक ओळ सापडली. टॅक्सच्या नियमात नवरा किंवा बायको कधीच तुमची डिपेंडंट धरली जात नाही. कधीच. १९९९ मध्येही नव्हती. मी ज्या वर्षांत ९ ने सुरू होणारा नंबर घेऊन, व्हिसावर तो शब्द घेऊन या देशात बसले होते, त्या वर्षांत आयआरएसच्या लेखी मी रिटर्नवरची दुसरी सही होते, बस. पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली आणि नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मग? मी कधी म्हणालो होतो का?" नव्हता म्हणाला. पण मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

२०२४ चं रिटर्न सरळ गेलं. त्याने आधी मला फोन केला, चौकट भरली, मग पाठवलं. कॉलेजचं क्रेडिट मात्र चार वर्षांपुरतंच असतं आणि २०२० पासून आमची चार झाली होती, त्यामुळे नुसते ५००.

मे २०२५ मध्ये तो पदवीधर झाला आणि जूनमध्ये नोकरीला लागला. वर्षाच्या शेवटी २३ चा, जानेवारी ते मे कॉलेजात, म्हणजे वय आणि पाच महिने दोन्ही अजून बसत होते. या फेब्रुवारीत मी फायलींचा खोका काढला आणि त्याला फोन करणार, तेवढ्यात त्याचीच ईमेल आली. एक स्प्रेडशीट. दोन रकाने, डावीकडे तो, उजवीकडे आम्ही. भाडं, जेवण, विमा, गाडी, शेवटच्या सत्राची फी आमच्या बाजूला अगदी सेंटसकट. अंत्यविधी शून्य, अशीही एक ओळ त्याने ठेवली होती. खाली बेरीज आणि त्यापुढे टक्केवारी: ६१.

मेसेज एका ओळीचा होता: "आई, या वर्षी नाही."

मी बेरीज तपासली. जेवणाच्या ओळीत तो दिवाळीला मी पाठवलेल्या फराळाचे ६० डॉलर आमच्या बाजूला धरायला विसरला होता. ते घातले. तरी ६१च राहिले.